मुखपृष्ठावरचा चंद्र आणि संग्रहालयातली चाँदबीबी

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकांची पुस्तके, वार्षिके, संमेलनांच्या स्मरणिका एका टेबलावर मांडून नुसती मुखपृष्ठे पाहिली तर काय दिसते? हिरवा रंग, चंद्रकोर, दोन मिनार, मधे एक घुमट. कथासंग्रह असेल तर नकाबातून पाहणारे दोन डोळे. गझलसंग्रह असेल तर शमा आणि तिच्या बाजूला कलती सुराही. आतली कथा दहिवडीच्या एसटी स्टँडवरच्या पंक्चरवाल्याची असो, म्हसवडच्या बागवानाची असो की आटपाडीच्या बाजारात शेळी विकायला आलेल्या मुलाण्याची असो, वर घुमट तोच. आणि तो घुमट बहुधा इस्तंबूलचा असतो, नाहीतर दुबईचा. विजापूरचा क्वचितच असतो.

ही तक्रार केवळ सजावटीची नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो आहोत. आम्ही इथले आहोत, आमची बोली इथली, आमचे दुष्काळ इथले, आमचा इतिहास या दख्खनच्या मातीतला. पस्तीस वर्षे आपण शब्दांनी हे सांगितले आणि चित्रांनी नेमके उलटे सांगितले. पुस्तक हातात घेणारा माणूस आधी चित्र पाहतो, मग शब्द वाचतो. आपल्यावर परकेपणाचा शिक्का मारणाऱ्यांना दोष देताना तो शिक्का आपणच आपल्या मुखपृष्ठावर छापत आहोत काय, याचा विचार करायला हवा.

याला नेहमीचे उत्तर असे की चित्रकाराला मानधन द्यायला पैसे नसतात, इतिहासातली चित्रे मिळत नाहीत, आणि मिळाली तर हक्काची भानगड असते. पहिली अडचण खरी आहे. उरलेल्या दोन गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच अंशी संपल्या आहेत, आणि त्याची खबर आपल्या संपादकांपर्यंत पुरती पोचलेली नाही. म्हणून हा लेख.

दार उघडले, त्याची गोष्ट

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ७ फेब्रुवारी २०१७ रोजी आपल्या संग्रहातील सुमारे ३,७५,००० चित्रप्रती जगाला मोकळ्या केल्या. मोकळ्या म्हणजे पाहण्यापुरत्या नव्हेत. उतरवून घ्या, छापा, कापा, पुस्तकावर घाला, ते पुस्तक विका. परवानगी नको, फी नको. या मोकळिकीच्या खुणेला 'सीसी झीरो' म्हणतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याच्याही आधी, २०१२ पासून, हा रस्ता धरला होता. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये, क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने जानेवारी २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये तेच केले. स्मिथसोनियनने पहिल्याच दिवशी २८ लाख प्रती खुल्या केल्या.

यात आपल्या कामाचे काय? मेटच्या संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत 'डेक्कन', 'बिजापूर', 'गोलकोंडा', 'अहमदनगर' असे शब्द टाकावेत. जुनीच इंग्रजी स्पेलिंगे टाकावीत, कारण नोंदी त्याच नावांनी झालेल्या आहेत. मग 'ओपन ॲक्सेस' या खुणेवर बोट ठेवावे म्हणजे फक्त मोकळी चित्रे उरतात. चित्राखाली उतरवून घेण्याचा बाण असतो. फाइल मोठी येते आणि ती तशीच ठेवावी. आपल्याकडे संपादक चित्र व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिथे ते दाबले जाते, आणि छापखान्यात गेल्यावर चाँदबीबीच्या चेहऱ्याचे ठिपके होतात. डेमी आकाराच्या मुखपृष्ठाला, म्हणजे साडेपाच गुणिले साडेआठ इंचांना, इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने किमान १६५० गुणिले २५५० ठिपक्यांचे चित्र लागते. ते ई-मेलने किंवा पेन ड्राइव्हवर द्यावे. एवढे पाळले तर छापखानेवाल्याशी भांडण्याची वेळ येत नाही.

हक्काबाबत आपल्या कायद्याचा हिशेबही फार अवघड नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो, आणि ती साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत. त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध आहे. ते १९५१ मध्ये वारले, म्हणजे त्यांची चित्रे २०११ च्या अखेरीस सर्वांची झाली. कोल्हापूरचे धुरंधर १९४४ मध्ये गेले. त्यांची मुदत २००४ अखेर संपली. पण पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांची चित्रे २०७१ संपेपर्यंत मोकळी नाहीत. आपल्याकडे उर्दू-मराठी मुशायऱ्यांच्या पत्रिकांवर हुसेनचे घोडे सर्रास धावतात. आपल्या माणसाची चित्रे आहेत म्हणून ती आपल्या मालकीची होत नाहीत.

सतराव्या शतकातल्या चित्रकाराचा हक्क अर्थातच उरलेला नाही. प्रश्न उरतो तो चित्राच्या फोटोचा. जुन्या चित्राचा हुबेहूब फोटो काढला म्हणून नवा हक्क निर्माण होतो का? अमेरिकेतल्या न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन खटल्यात नाही म्हटले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात तेच मान्य केले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा २०२३ चा निकालही त्याच दिशेने जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सांगितले की नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडीतरी सर्जकता हवी. तो खटला निवाड्यांच्या संपादनाचा होता, चित्रांचा नव्हे. पण तत्त्व लावून पाहिले तर दिशा तीच दिसते.

तरी सगळी संग्रहालये एका मनाची नाहीत. ब्रिटिश म्युझियम आपल्या चित्रप्रती बिगर-व्यापारी वापरापुरत्या देते, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची रीतही तशीच आहे. आपले वार्षिक किंमत लावून विकले जाते, आत जाहिराती असतात. मग ते व्यापारी की बिगर-व्यापारी? तोटा होतो म्हणून ते बिगर-व्यापारी ठरत नाही. अशा ठिकाणी सरळ पत्र लिहून विचारावे, किंवा तशाच विषयाचे मोकळे चित्र दुसऱ्या संग्रहात शोधावे.

तीन चित्रे कशी वाचावीत

चित्र फुकट मिळते म्हणून ते वाचण्याची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले मेटमधले चाँदबीबीचे. नोंद क्रमांक १९९९.४०३. राणी घोड्यावर आहे, हातावर ससाणा आहे, भोवती सेवक आहेत. आपल्या मुलींना दाखवावे असेच हे चित्र आहे. मुसलमान बाई म्हणजे नकाबातले दोन डोळे, या मुखपृष्ठी समजुतीला एवढे उत्तर पुरे आहे. पण नोंद नीट वाचली तर कळते की हे चित्र इ. स. १७०० च्या सुमाराचे आहे. अहमदनगरचा किल्ला चाँदबीबीने मोगलांविरुद्ध लढवला तो १५९५-९६ मध्ये, आणि तिचा खून झाला १६०० च्या सुमारास. चित्र तिच्यानंतर शंभर वर्षांनी काढलेले आहे. तेव्हा अहमदनगरची निजामशाही नव्हती, विजापूरची आदिलशाहीही नव्हती. म्हणजे चाँदबीबी कशी दिसत होती याचा हा पुरावा नाही. मग कशाचा आहे? राज्ये बुडाल्यावरही दख्खनच्या लोकांनी तिला घोड्यावरून उतरू दिले नाही, याचा. मला हा दुसरा पुरावा अधिक मोलाचा वाटतो. चित्राखाली नुसते 'चाँदबीबी' असे छापले तर तो हातून जातो, 'दख्खन, सु. १७००' असे छापले तर उरतो.

दुसरे उदाहरण मलिक अंबरचे, आणि ते सावध करणारे आहे. इंटरनेटवर त्याचे नाव टाकले की जे चित्र हमखास समोर येते ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातले. त्यात बादशहा जहाँगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर रोवलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे, आणि शिराजवळ घुबड आहे. चित्रकार अबुल हसन, काळ १६१६ च्या आसपासचा. हे घडले का? कधीच नाही. मलिक अंबर जहाँगीरच्या हाती लागला नाही. तो १६२६ मध्ये म्हातारा होऊन आपल्या मरणाने मेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. जे रणात जमले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे खडकी शहर वसवणारा, जमीन महसुलाची घडी बसवणारा हा माणूस, आणि त्याच्यावरच्या लेखाला त्याच्या शत्रूने रंगवलेले त्याचे तुटलेले डोके लावायचे?

मोगल दरबारातल्या हाशिम या चित्रकाराने काढलेले मलिक अंबरचे चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. पांढरा जामा, बाजूने दिसणारा भारदस्त चेहरा. तेही मोगल दरबारासाठीच काढलेले, पण त्यात शत्रूविषयीचा आदर लपत नाही. अबुल हसनचे चित्र छापू नये असे माझे म्हणणे नाही. ते छापावे, पण ते जहाँगीरच्या मनाचे चित्र आहे हे खाली लिहावे.

तिसरे उदाहरण पुन्हा मेटमधले, क्रमांक १९८२.२१३. नाव 'विजापूरचे घराणे', चित्रकार कमाल मुहम्मद आणि चाँद मुहम्मद, साल १६८०. पहिल्या युसुफपासून शेवटच्या सिकंदरपर्यंतचे आदिलशहा एकाच चित्रात बसलेले आहेत. जे कधी एकत्र बसणे शक्यच नव्हते ते पणजोबा आणि पणतू एकत्र आले आहेत. इराणचा शाह इस्माईल युसुफला किल्ली देतो आहे. सिकंदर त्या वेळी कोवळा मुलगा होता आणि सहा वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतले. आपल्याला नवे मुखपृष्ठ हवे तर यापरते बोलके चित्र कुठले? बुडत्या घराण्याने काढून घेतलेला हा कुटुंबाचा फोटो आहे. आणि त्यातली किल्ली पाहिली की आपल्या मुखपृष्ठांचा आजार किती जुना आहे तेही कळते. आपला अधिकार परदेशातून आला आहे असे दाखवण्याची हौस विजापूरकरांनाही होतीच. एवढे सगळे एका चित्रातून मिळत असताना आपण क्लिपआर्टचा घुमट का वापरावा?

आणखी एका संग्रहाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. राइक्सम्युझियममध्ये विटसेन अल्बम नावाचा मुरक्का आहे. १६८६ च्या सुमारास गोवळकोंड्यात तयार झालेली ४९ छोटी व्यक्तिचित्रे त्यात आहेत. मोगल, कुतुबशाही, आदिलशाही माणसे आणि शिवाजी महाराज हे सगळे एकाच अल्बममध्ये, एकाच शैलीत. त्या काळच्या गोवळकोंड्याच्या मुसव्विरांना या सर्वांना एका पुठ्ठ्यात बसवताना काही अडचण वाटली नाही. आजच्या संपादकांनाही वाटू नये.

उर्दूवाल्यांचे दोन गुन्हे

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे लिपीबद्दल दोन गोष्टी स्पष्टच लिहिते. पहिली म्हणजे आरशातली अक्षरे. मांडणी करणाऱ्याला माणूस उजवीकडे पाहणारा हवा असतो, म्हणून तो चित्र उलटे करतो. चेहरा शोभतो, पण वरची नस्तालीक उलटी होते आणि डावखुरे योद्धे तयार होतात. ज्याला लिपी येते त्याला ते पान पाहवत नाही. चित्राभोवतीची हाशियातली अक्षरे 'डिझाइन' समजून छाटणे हाही त्यातलाच प्रकार. चित्रकाराची सही पुष्कळदा तिथेच असते.

दुसरी गोष्ट अदबीची. या संग्रहांत कुरआनशरीफची अप्रतिम पाने मोकळी आहेत. निळ्या कातड्यावर सोन्याने लिहिलेल्या, 'ब्ल्यू कुरआन' म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रतीचे पान मेटमध्येच आहे. कायदा सांगतो, हवे तिथे छापा. पण लग्नपत्रिकेवर किंवा कार्यक्रमाच्या हँडबिलावर आयत छापली की ती संध्याकाळी मांडवातल्या पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जाते. पैगंबरांच्या कथांची इराणी आणि तुर्की चित्रेही या संग्रहांत आहेत. कलेच्या अभ्यासकाने ती जरूर पाहावीत, पण वार्षिकात छापताना आपला वाचक कोण हे संपादकाने ओळखावे. हक्क संपला म्हणून जबाबदारी संपत नाही. छापण्यापूर्वी चित्रात काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर गावातल्या मौलवींना किंवा उर्दू शाळेतल्या बाईंना विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे.

अलीकडे तिसरा गुन्हा येऊ पाहतो आहे. यंत्राकडून चित्र बनवून घेण्याचा. संगणकाला 'मुस्लिम राणी' म्हटले की तो दागिन्यांनी मढलेली सिनेमातली नटी देतो, आणि मागच्या भिंतीवर अरबीसारखी दिसणारी पण कुठल्याच भाषेची नसलेली वळवळ काढतो. खरी चाँदबीबी एका शोधावर उपलब्ध असताना ही नकली कशासाठी?

आपली चित्रे, त्यांची घरे

एक आक्षेप मला मान्य आहे. ही चित्रे न्यूयॉर्क-लंडनला गेली कशी? सगळीच लुटून गेली नाहीत. पुष्कळशी विकली गेली, काही नजराणे म्हणून गेली. पण विकणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याची सत्ता सारखी नव्हती हेही खरे. हसन मंजू खलजीच्या 'पेम नेम' या दखनी प्रेमकाव्याची विजापुरी चित्रे असलेली प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. ३४ चित्रे, आणि त्यांत नायकाच्या छातीवर प्रेयसीची छबी रंगवलेली. दखनी ही आपल्या घरातल्या बोलीची आजी. ती पोथी पाहायला आपण लंडनच्या संकेतस्थळावर अवलंबून राहायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या लायब्ररीच्या संगणकांवर मोठा हल्ला झाला आणि तिथल्या डिजिटल पोथ्या दीर्घकाळ जगाला दिसेनाशा झाल्या. म्हणून जे मोकळे आहे ते वेळेवर उतरवून, नोंदीसह, आपल्या शाळेत आणि वाचनालयात साठवून ठेवावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पण बोट फक्त लंडनकडे दाखवून भागणार नाही. माणशेजारच्या खटाव तालुक्यात औंधचे भवानी संग्रहालय १९३८ पासून उभे आहे. रविवर्मा, धुरंधर, जुनी लघुचित्रे, हेन्री मूरचे शिल्प, काय नाही तिथे? केंद्राच्या 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या पोर्टलवर पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या 'जतन' प्रणालीतून सालारजंगसारख्या संग्रहालयांच्या वस्तू पाहता येतात. ही चांगली सुरुवात आहे. मात्र पाहू देणे वेगळे आणि वापरू देणे वेगळे. आपल्या करातून चालणाऱ्या संग्रहालयांनी मेटसारखी एक ओळ लिहावी: घ्या, तुमचेच आहे. तसे होत नाही तोवर माणदेशातल्या मास्तराला औंधच्या चित्रापेक्षा न्यूयॉर्कचे चित्र जवळचे, हा विचित्र प्रकार चालूच राहील. साहित्य संमेलनांत आपण ठराव पुष्कळ करतो. एक ठराव या मागणीचाही करावा.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करता येते. प्रत्येक वार्षिकाने मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर चित्राची पूर्ण नोंद मराठीत द्यावी. नोंद अशी: 'ससाण्यासह शिकारीला निघालेली चाँदबीबी. दख्खन, सु. १७००. मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, न्यूयॉर्क. क्र. १९९९.४०३. सर्वांसाठी मोकळे.' मोकळ्या चित्राला श्रेय देण्याची सक्ती कायद्यात नाही. तरीही द्यावे, कारण ती नोंद वाचून एखादी सातवीतली मुलगी तोच क्रमांक शोधील आणि शेजारची आणखी पाच चित्रे पाहील. चाँदबीबीचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचलेल्या मुलीला तिचा घोडा दिसणे ही लहान गोष्ट नाही. आणि मुखपृष्ठावर घुमट हवाच असेल तर गोलघुमट घ्यावा. जतवरून तो काही फार लांब नाही.